फुफ्फुसातील गाठ कर्करोगाची की बुरशीची? बायोप्सीपूर्वी सल्ला हवा

रामबागकर, इंदूर:
माझ्या मामांना मधुमेह आहे आणि तरुणपणी त्यांना क्षयरोग होऊन गेला आहे. गेले काही महिने त्यांचे वजन घटत असून खोकल्यातून अधूनमधून रक्त पडते. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठ आढळली आणि पेट स्कॅनमध्ये ती चमकली, तेव्हापासून घरातील सर्वांनी कर्करोग गृहीत धरला आहे. येथील छातीरोगतज्ज्ञांना मात्र बुरशीचाही संशय वाटतो. बायोप्सी येथेच करावी की मामांना थेट मुंबईला न्यावे, आणि डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, इंदूर:
पेट स्कॅनमधील चमक हा कर्करोगाचा पुरावा नव्हे. त्या तपासणीत किरणोत्सारी ग्लुकोज देतात आणि जेथे ग्लुकोजचा वापर जास्त तेथे चमक दिसते. जंतूंशी किंवा बुरशीशी झुंजणाऱ्या पेशीही ते भरपूर वापरतात. क्षयरोगाने फुफ्फुसात मागे ठेवलेल्या पोकळीत अ‍ॅस्परजिलस ही बुरशी ठाण मांडते आणि तिचा दीर्घकालीन आजार महिनोन्‌महिने वजन घटवत, रक्त पाडत चालतो. त्यामुळे आपल्या तज्ज्ञांचा संशय मला रास्त वाटतो.

बायोप्सी येथेच करावी. मात्र ऊतीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये पाठवण्याची विनंती आधीच करावी, कारण फॉर्मॅलिनमध्ये बुरशी मरते आणि मग कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत ती वाढवून ओळखणे, करता येत नाही. बहुतेक ठिकाणी चूक होते ती इथेच. तपासणीच्या अर्जावर बुरशीचा संशय स्पष्ट लिहिलेला असावा, म्हणजे प्रयोगशाळा पीएएस आणि चांदीयुक्त जीएमएस ही विशेष रंजके वापरील. ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ एवढ्याच अहवालावर थांबू नये. सुई नेमक्या जागी पोहोचली नसेल, तर असाच अहवाल येतो. शिवाय दोन्ही आजार एकाच फुफ्फुसात असू शकतात.

स्नेहलतागंज:
मधुमेहामुळे म्युकरचाही (‘काळी बुरशी’ म्हणतात ती) विचार व्हायला हवा. 2021 मध्ये आपल्या इंदूरच्या एमवाय रुग्णालयात त्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आले होते. तेव्हा चर्चा नाक-डोळ्यांची झाली, पण ही बुरशी फुफ्फुसातही शिरते. ती सहसा फार वेगाने पसरते, म्हणून मामांच्या बाबतीत शक्यता कमी वाटते. तरीही बुरशीचा प्रकार ठरणे आवश्यक आहे, कारण अ‍ॅस्परजिलसवर चालणारे व्होरिकोनॅझोल म्युकरवर चालत नाही. तेथे अ‍ॅम्फोटेरिसिन द्यावे लागते.

रामबागकर:
क्षयरोगाची औषधे खबरदारी म्हणून सुरू करावीत, असे एका परिचितांचे म्हणणे आहे.

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, इंदूर:
निदानाआधी नकोत. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन या औषधामुळे व्होरिकोनॅझोलची रक्तातील पातळी इतकी घसरते की ही दोन औषधे एकत्र देत नाहीत. स्टेरॉइडनेही बुरशी फोफावू शकते. दुर्बिणीने तपासणी होणार असेल, तर श्वासनलिकेतील धुवणाच्या द्रवावर गॅलॅक्टोमॅनन (बुरशीच्या पेशीभित्तिकेतील घटक शोधणारी) चाचणी आणि रक्तात अ‍ॅस्परजिलस आयजीजी ही प्रतिपिंडांची चाचणी करून घ्यावी. मामा रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, तर ते बायोप्सीपूर्वी सांगावे, आणि खोकल्यातून एकदम जास्त रक्त पडल्यास तारखेची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

मुंबईचे मत नंतरही घेता येईल. पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेला ऊतीचा तुकडा), काचपट्ट्या आणि स्कॅनची सीडी मागून घ्यावी. नमुना पुरेसा असेल, तर तेथे पुन्हा सुई टोचण्याची गरज सहसा पडत नाही.