'लेजर' म्हणजे आपली खतावणीच

क्रिप्टोचे, म्हणजे डिजिटल चलनाचे, इंग्रजी शब्द मुलांकडून यादी करून पाठ करून घ्या, असं काही जण सुचवतात. मला वाटतं, आधी शब्द उकलून बघावा. 'लेजर' म्हणजे खतावणी. वडिलांच्या दुकानात लाल कापडी बांधणीची असायची, रोज रात्री किर्दीवरून तिच्यात नोंदी उतरायच्या. ब्लॉकचेनमध्ये, म्हणजे क्रिप्टोचे व्यवहार नोंदवणाऱ्या यंत्रणेत, अशीच वही हजारो संगणकांवर एकाच वेळी असते, त्यामुळे मागची नोंद गुपचूप बदलणं फार अवघड. 'क्रिप्टो' ग्रीक 'क्रिप्टॉस'वरून आला, म्हणजे लपलेलं. आणि संगणक राबवून नवी नाणी मिळवण्याला 'मायनिंग', म्हणजे खाणकाम, का म्हणतात? बिटकॉइन या क्रिप्टो चलनाच्या २००८च्या मूळ निबंधातच सोनं खणणाऱ्यांची उपमा आहे. 'होडल' (नाणी न विकता धरून ठेवणं) हा शब्द मात्र २०१३मध्ये 'होल्डिंग' लिहिताना झालेल्या टायपिंगच्या चुकीतून रूढ झाला, तेव्हा मुलांना परीक्षेत 'होल्ड'च लिहायला सांगा.