शेवळांची खाज जात नाही, चुकतं कुठे?

मृगसरी: रोहिणीच्या वळवानंतर बाजारात शेवळं (पावसाच्या तोंडावर येणारी, मिटलेल्या फुलाची रानभाजी) आली. दोन जुड्या धुऊन, चिरून, उकळून, पाणी फेकून चिंच घालून भाजी केली, तरी घसा खवखवला. खाज मारायला घालतात ती काकडं (आंबट रानफळं) मिळाली नव्हती. कुठे चुकलं? आणि शेवळं कुंडीत लावता येतात का?

आंबटचुका: उकळण्यावर भिस्त ठेवली, तिथेच गडबड झाली. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते नुसत्या उकळीने जात नाहीत. आधी साफसफाई बघा. हाताला तेल चोळा. बाहेरचे जाड पापुद्रे काढा, शेवळं उभं चिरा आणि आतल्या दांड्याच्या बुडाशी असलेला पिवळा, दाणेदार भाग पूर्ण काढून टाका. खाजेचं घर तेच. बाकीचं अगदी बारीक चिरून तेलावर परता. रंग गडद होऊन ढीग निम्म्यावर आला पाहिजे, अर्धवट परतलेलं खाजतंच.

दोन जुड्यांना दहा-बारा काकडं लागतात. ठेचून बिया काढायच्या, वाटीभर पाण्यात कुस्करून गाळायचं आणि हा रस शेवळं परतल्यावर घालून वीसेक मिनिटं शिजवायचं. नारळाचं दूध किंवा वाटण त्यानंतरच, आधी घातलं तर आंबटपणा बोथट होतो. काकडं नसतील तर मोठ्या लिंबाएवढ्या चिंचेचा दाट कोळ घ्या. चिंचेचं बोटुक या भाजीला पुरत नाही.

सोडेवाली: वरच्यात भर. सोडे (सुकवलेली कोळंबी) घालायचे तर पंधरा मिनिटं भिजवून शेवळांबरोबरच परता. वाढण्याआधी थेंबभर रस जिभेच्या टोकाला लावून पाच मिनिटं थांबा. चुरचुरलं तर आणखी आंबट घालून पुन्हा शिजवा. मीठ-तिखट त्यानंतर चाखा. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी मात्र ही भाजी टाळलेली बरी. खवखव झालीच तर ताक किंवा कोकमाचं आगळ घ्या. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास जड झाला तर घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

घेतानाही बघा: घट्ट मिटलेलं शेवळं घ्यायचं. उमललेल्याला कुजकट वास येतो, तो मसाल्यानेही दबत नाही.

गड्डेबाज: कुंडीचं सांगतो. बाजारातल्या जुडीला गड्डा नसतो, त्यामुळे ती लावून काही उगवणार नाही. गड्डा मिळाला तर बारा इंची कुंडी, तळाशी खापऱ्या, निचऱ्याची माती आणि पालापाचोळ्याचं खत. गड्डा चार बोटं खोल, अर्धवट सावलीत. आधी फूल येतं, मग पावसात छत्रीसारखं एकच पान. ते पान गड्डा पोसतं, त्याला हात लावू नका. पावसाळा सरल्यावर पान पिवळं पडून झोपतं, तिथून मेपर्यंत पाणी बंद. बहुतेक गड्डे या काळात दिलेल्या पाण्यानेच सडतात.

मृगसरी: म्हणजे पिवळा भाग तसाच राहिला होता! ऋषिपंचमीच्या भाजीत घालायला काही शेवळं जपून ठेवता येतील का?

आंबटचुका: भाद्रपदापर्यंत ताजी मिळत नाहीत, मृगातच उरकतात. साफ करून, तेलावर परतून, रसात शिजवून फ्रीझरमध्ये टाका. कच्ची टाकली तर काळी पडतात.