कॅन्ससच्या गव्हर्नरचं प्रगतिपुस्तक

शरदकाका: वाचा सगळ्यांनी. कमी कर, कमी सरकार असा आग्रह धरणारी काटो इन्स्टिट्यूट ही संस्था अमेरिकेतल्या गव्हर्नरांना कर आणि खर्च बघून ए ते एफ श्रेणी देते. कॅन्ससच्या सॅम ब्राउनबॅकना २०१२ आणि २०१४, दोन्ही वेळा ए! अनघा, तुमच्याकडचा माणूस. आपल्याकडे असा एक तरी दाखवा.

अनघा: काका, तो ए मिळाला आणि पुढची काही वर्षं राज्य तूट बुजवत बसलं.

रोहन: गव्हर्नर टॅक्स ठरवतो? आपले तर शपथ देतात नि अभिभाषण वाचतात.

अनघा: इथला गव्हर्नर म्हणजे मुख्यमंत्रीच समज. थेट निवडून येतो, बजेट मांडतो, विधिमंडळाने केलेला कायदा अडवायला व्हेटो वापरतो. आणि राज्याचा इन्कम टॅक्स वेगळा असतो, केंद्राचा वेगळा.

काकू: म्हणजे दोनदा भरायचा? अरे देवा.

शरदकाका: म्हणून तर त्यांनी कमी केला. ६.४५ वरून ४.९ टक्के. यात वाईट काय?

अनघा: त्यात फार काही नाही. खरी मेख पुढच्या कलमात होती. एलएलसी (मालकाची जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनी), भागीदारी, प्रोप्रायटरी असल्या धंद्यांचा जो नफा मालकाच्या रिटर्नमध्ये दिसतो, त्यावर राज्याचा कर शून्य. तीन लाखांहून जास्त धंद्यांना ही सूट. म्हणजे हॉस्पिटलातल्या पगारी नर्सने कर भरायचा आणि वकिली फर्मच्या भागीदाराने भरायचा नाही. तुम्ही सीए आहात, तुमच्या क्लायंटला अशी पळवाट मिळाली तर तुम्ही दुसऱ्या दिवशी काय सल्ला द्याल?

शरदकाका: 😀 पगार बंद, एलएलसी चालू.

अनघा: तेच झालं बऱ्याच ठिकाणी. ब्राउनबॅक म्हणाले होते की अर्थव्यवस्थेच्या हृदयात ॲड्रेनलिनचं इंजेक्शन जाईल. नोकऱ्यांची वाढ मात्र देशाच्या सरासरीच्या मागेच राहिली. आणि २०१४ च्या आर्थिक वर्षात महसूल एकदम ७० कोटी डॉलरच्या आसपास खाली. त्याच वर्षी मूडीज आणि एस अँड पी, या दोन्ही पतमानांकन संस्थांनी राज्याचं मानांकन उतरवलं.

शरदकाका: थांब. त्या आकड्यात गोम आहे. २०१३ पासून केंद्राचे दर वाढणार म्हणून लोकांनी २०१२ मध्येच शेअर विकून नफा दाखवला होता. आधीचं वर्ष फुगलेलं, म्हणून पुढचं जास्त पडलेलं दिसतं. शिवाय नंतर तेल आणि गहू दोन्हींचे भाव उतरले. सगळं गव्हर्नरच्या माथी मारू नकोस.

अनघा: हे मान्य, काका. पण तेलाचे भाव काही एकट्या कॅन्ससचे पडले नाहीत. भोक इतकं मोठं पडलं त्यात त्या सुटीचाही वाटा होता. आणि राज्याला नोटा छापता येत नाहीत, बजेट जुळवावंच लागतं. मग जुळवलं कसं ते बघा. हायवे फंडातले पैसे वळवले. लोक परिवहन खात्याला चेष्टेने 'बँक' म्हणायला लागले. कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडाचा हप्ता पुढे ढकलला. २०१५ मध्ये कॉन्कॉर्डिया आणि ट्विन व्हॅलीच्या शाळांनी पैशाअभावी वर्ष आधीच आटोपलं. आणि त्याच वर्षी विक्रीकर ६.१५ वरून ६.५ टक्के, तोही किराण्यासकट. दूध-ब्रेडवर पूर्ण ६.५! पलीकडच्या मिझुरीत राज्याचा किराण्यावरचा कर सव्वा टक्क्याच्या आत. आमच्याकडे स्टेट लाइन रोड नावाचा रस्ता आहे, एका कडेला कॅन्सस, दुसऱ्या कडेला मिझुरी. लोक पलीकडे जाऊन पिशव्या भरून आणायचे.

काकू: म्हणजे दिवाळीला बोनस वाटायचा आणि होळीला एफडी मोडायची.

रोहन: काकू रॉक्स 🔥

शरदकाका: माझं म्हणणं एवढंच की दर कमी केले तर खर्चही कापायला हवा होता. तो धीर दाखवला असता तर कपात टिकली असती.

अनघा: तो धीर त्यांच्याच पक्षाच्या आमदारांकडे नव्हता, कारण खर्च म्हणजे शाळा. त्यातच मार्च २०१७ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने शाळांना दिला जाणारा निधी अपुरा ठरवला. मग जूनमध्ये रिपब्लिकन बहुमताच्या विधिमंडळानेच कर परत वाढवले, ती सूटही काढली. ब्राउनबॅकनी व्हेटो केला, तो उलटवला. सेनेटमध्ये ४० पैकी २७ मतं, म्हणजे दोन तृतीयांशाला लागतात तेवढीच.

रोहन: स्वतःच्याच लोकांनी? 😬

अनघा: हो. म्हणून ते प्रगतिपुस्तक मला पटत नाही. कपातीचे गुण सही होताच मिळतात, बिल तीन वर्षांनी येतं. कमी कर म्हणजे वाईट असं मी म्हणत नाहीये, काका. नॉर्थ कॅरोलायनाने २०१३ मध्ये दर उतरवले, २०१४ पासून सगळ्यांना सरसकट ५.८ टक्के. पण धंद्याच्या उत्पन्नावरची जुनी वजावट काढली आणि विक्रीकरात काही नव्या सेवा घेतल्या. तिथला गोंधळ असा झाला नाही.

शरदकाका: २०१४ च्या यादीत त्यांचे तेव्हाचे गव्हर्नर मॅक्रोरी यांनाही ए आहे, बरं का.

अनघा: तेच म्हणतेय. एकाच वर्षी दोघांनाही ए!

शरदकाका: हम्म. म्हणजे दर सोडून कराचा पाया, कर कशाकशावर लागतो ते, बघायचं. बरोबर आहे. पण त्या मॅक्रोरींचं मी अजून वाचणार आहे, सोडणार नाही.

काकू: वाचा, पण आधी भाजी आणा. अनघा, किराण्यावर अजून आहे का गं तो कर?

अनघा: राज्याचा नाही, काकू. नंतरच्या गव्हर्नर लॉरा केली यांनी टप्प्याटप्प्याने उतरवला, १ जानेवारी २०२५ पासून शून्य. शहराचा आणि काउंटीचा अजून लागतो.