लाल गाडीला काळी चाकं नकोत, गनमेटल करा

गनमेटल१५ (धागाकर्ता)

लाल हॅचबॅक घेतली की पहिला सल्ला येतो, "चाकं काळी करून टाक." मला तो पटत नाही. १४-१५ इंची चाकाला काळा रंग दिला की रिम टायरमध्ये विरघळते. आऱ्यांची नक्षी दिसेनाशी होते, चाक आहे त्याहून लहान वाटतं आणि मडगार्डखालची फट मोठी. १७-१८ इंचांवर टायरची बाजू बुटकी असते, तिथे काळा खपून जातो.

माझं मत मध्यम गनमेटलला: सुकलेल्या काळ्या पाषाणाचा करडा, धातूची बारीक चमक असलेला. लालाला उठाव येतो आणि आरेही दिसतात. दुसरं कारण ब्रेकच्या धुळीचं. ती पॅडची आणि डिस्कच्या बिडाची भुकटी. गरम कण रिमला चिकटतात आणि पावसाळी हवेत गंजून तपकिरी होतात. कसारा घाट उतरलात की पुढच्या चाकांवर थर दिसतो. मागे बहुतेक हॅचबॅकना ड्रम असल्याने तिथे कमी. गनमेटलवर ही भुकटी बराच काळ नजरेत भरत नाही. चकचकीत काळ्यावर लगेच दिसते, पांढऱ्यावर त्याहून आधी.

डांबरी

तुम्ही झोडपताय चकचकीत काळ्याला आणि निकाल देताय सगळ्याच काळ्याविरुद्ध. सॅटिन, म्हणजे अर्धवट चमकीचा काळा घ्या की. फडक्याचे गोल ओरखडे चकचकीत काळ्यावर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे उमटतात, सॅटिनवर ते फारसे दिसत नाहीत. छत, आरसे आणि खालची प्लास्टिकची पट्टी (क्लॅडिंग) काळी असेल तर करडी चाकं तिथे उपरी वाटतात. शिवाय आऱ्यांमधून दिसणारा मागचा गंजका ड्रम काळ्यात लपतो.

पूर्ण मॅट मात्र नको. खरखरीत पृष्ठभागात टायर पॉलिशचं तेल मुरतं, आणि डाग घासायला गेलं की तेवढीच जागा चमकायला लागते.

गनमेटल१५

ड्रमचं बरोबर आहे, पण त्यासाठी चारही रिम काळ्या कशाला? ड्रम तारेच्या ब्रशने घासा आणि बाहेरून उष्णता सोसणारा काळा रंग मारा. आत लायनर घासतो तो भाग आणि रिम टेकते ती बैठक झाकून ठेवा, बस्स. काळं छत असेल तर सॅटिन काळा शोभतो, हे मान्य.

काठपदर

दोघेही सगळे लाल एकच धरून चालला आहात, खरी गल्लत तिथे आहे. केशरीकडे झुकणारा तापट लाल वेगळा आणि सटाण्याच्या डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद लाल वेगळा. तापट लालावर ब्राँझ लावून पाहा. येवल्याच्या लाल पैठणीला जरीचा काठ जे करतो, तेच ते चाक करतं. त्र्यंबक रस्त्याचा मुरूम उडाला तरी ब्राँझवर मळकं दिसत नाही. गडद लालावर मात्र ब्राँझ चिखलासारखा दिसतो, कारण दोन्ही रंग गडद आणि दोन्ही उबदार. तिथे गनमेटल ठीक आहे.

छटा मोबाइलवर ठरवू नका. वहीच्या पानाएवढ्या पत्र्यावर नमुना मारून घ्या आणि तो बॉनेटवर न ठेवता चाकाच्या उंचीवर धरून दुपारच्या उन्हात आणि सावलीत पाहा. चाक मडगार्डच्या सावलीत असतं, त्यामुळे रंग तिथे गडद वाटतो. दोन छटांत मन अडलं तर फिकी निवडा.

चंदेरी_बरा

कोणीच चंदेरीची बाजू घेत नाही म्हणून लिहितो. फुटपाथला रिम घासली की रंगाखालचं ॲल्युमिनिअम उघडं पडतं, आणि ॲल्युमिनिअम चंदेरीच असतं. चंदेरी रिमवर तो ओरखडा हातभर अंतरावरून कळत नाही. काळ्या, ब्राँझ किंवा गनमेटलवर तो रस्त्यापलीकडून चमकतो. नाशिकच्या मेनरोड-रविवार कारंजाच्या गर्दीत पार्किंग करणाऱ्याने याचा विचार आधी करावा.

आणि डायमंड कट रिम असेल तर हात आखडता घ्या. तिचा चमकता दर्शनी भाग म्हणजे लेथवर कातलेलं उघडं ॲल्युमिनिअम आणि वर पारदर्शक लॅकर. त्यावर नुसता स्प्रे मारला तर रंग वर्षभरात पापुद्र्यांनी सुटू शकतो. लॅकरखाली पाणी शिरून पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा पडल्या असतील तर सगळा थर काढण्यावाचून इलाज नाही, आणि पुन्हा कातून घेतली की मूळ नक्षी परत येते, पण दर वेळी धातू थोडा कमी होतो.

भट्टीवाला

रंग कोणताही घ्या, काम बिघडतं ते तयारीत. सातपूर-अंबडला पावडर कोटिंग (कोरड्या रंगाची भुकटी मारून भट्टीत भाजणं) करून देणारे आहेत, पण त्यांना पुढच्या गोष्टी आधीच स्पष्ट सांगा. टायर, व्हॉल्व्ह, बॅलन्सिंगची वजनं आणि प्रेशर सेन्सर असेल तर तोही, सगळं उतरवून द्यायचं. जुना रंग केमिकलने किंवा बारीक ब्लास्टिंगने (दाबाच्या हवेने कण मारून) काढायचा; जाड कणांनी अलॉयला, म्हणजे ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूला, खड्डे पडतात आणि ते पावडरमधूनही दिसतात. ओतीव ॲल्युमिनिअमच्या छिद्रांत हवा आणि तेल अडकलेलं असतं, म्हणून पावडर मारण्याआधी रिम एकदा भट्टीत तापवून घ्यायची. ही पायरी गाळली की टाचणीच्या टोकाएवढे फोड येतात. एक थर साधारण ६० ते ८० मायक्रॉन. भट्टी १८० ते २०० अंश, आणि वेळ मोजायची ती धातू तापल्यापासून. रिम जास्त तापमानाला तासन्‌तास ठेवू देऊ नका, उष्णतेने अलॉयची ताकद उतरते.

घरी स्प्रे करणार असाल तर ३२० नंबरचा पॉलिश पेपर, मग ६००, थिनरने पुसणं, उघड्या धातूला एच (etch, धातूला पकडणारा) प्रायमर, रंगाचे तीन पातळ हात आणि शेवटी पारदर्शक क्लिअर. भर पावसाळ्यात करू नका, दमट हवेत रंग दुधाळ होतो. हार्डनरवाला टू-के क्लिअर टिकतो, पण त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. साधा कापडी मास्क लावून तो मारू नये.

डांबरी

पावडरच करून घेणाऱ्यांसाठी एक भर. नटाची शंकूसारखी बैठक आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणारी मागची बाजू, दोन्ही मास्क केलेली हवीत. तिथे जाड थर राहिला की तो दाबला जातो आणि घट्ट केलेले नट सैल पडतात. चाकं बसवताना नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळा आणि ५० ते १०० किमी चालवून पुन्हा तपासा. बॅलन्सिंगला काठावर ठोकायची वजनं नकोत, आतून चिकटवायची मागा; ठोकलेल्या क्लिपखालीच कोटिंग पहिल्यांदा फुटतं. टायरवाल्याला मशीनच्या जबड्याला प्लास्टिकची टोपणं लावायला सांगा. वॉशिंग सेंटरवर ॲसिड मारू देऊ नका.

बाकी सॅटिन काळ्यावर मी ठाम आहे.

गनमेटल१५

आणि मी गनमेटलवर. काठपदर, तुमचा पत्र्याचा नमुना मात्र गनमेटललाही लागू. कारखान्यातून "गनमेटल" या एकाच नावाखाली तीन-चार वेगळ्या छटा येतात, म्हणून पावडरच्या खोक्यावरचा कोड लिहून ठेवा. पुढे एखादी रिम पुन्हा करावी लागली तर तोच कोड मागता येईल.