गांज्यातील अल्पपरिचित घटक : औषध म्हणावे एवढा पुरावा आहे का?

निशिगंधा : गांज्याच्या झाडाविषयी बोलताना आपण टीएचसी या रसायनाच्या नशेपाशी, फार तर सीबीडी या नशा न आणणाऱ्या रसायनापाशी थांबतो. या झाडात अशी शंभराहून अधिक रसायने, म्हणजे कॅनाबिनॉइड, सापडली आहेत आणि त्यांतील सीबीजी, सीबीसी यांसारखी काही नशा न आणताही शरीरावर परिणाम करतात. सीबीजीचे आम्लरूप तर टीएचसी, सीबीडी आणि सीबीसी यांच्या आम्लरूपांचे मूळ आहे. झाडातील विकरे (एन्झाइम) ते वापरून टाकतात, म्हणून पक्व फुलात सीबीजी अगदी थोडे उरते. २०२० मध्ये कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी मेथिसिलिन या प्रतिजैविकाला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंचा संसर्ग झालेल्या उंदरांवर सीबीजी गुणकारी ठरल्याचे दाखवले. २०१६ मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांची उपाशीपोटीची साखर टीएचसीव्ही या आणखी एका कॅनाबिनॉइडने उतरली. प्रतिजैविके निकामी होत असताना आणि मधुमेह घरोघरी पोहोचला असताना केवळ झाडाच्या बदनामीपायी या रेणूंकडे पाठ फिरवणे मला अन्यायाचे वाटते.

औषधशास्त्राचा विद्यार्थी : बदनामीचा मुद्दा मान्य आहे, परंतु आपण दिलेली उदाहरणेच सावधगिरी शिकवतात. मधुमेहाच्या त्या चाचणीत एकूण ६२ रुग्ण होते आणि ते पाच गटांत विभागलेले होते; शिवाय जो मुख्य निकष तपासायचा होता, त्या एचडीएल (‘चांगल्या’) कोलेस्टेरॉलमध्ये काहीच फरक पडला नाही. सीबीडीव्ही या कॅनाबिनॉइडचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रयोगशाळेतील प्राण्यांत झटके कमी करणारा हा रेणू फोकल (मेंदूच्या एका भागातून सुरू होणारे) झटके येणाऱ्या १६२ प्रौढांना दिला गेला, तेव्हा त्यांचे झटके सुमारे ४१ टक्क्यांनी घटले आणि निव्वळ प्लासिबो (औषध नसलेली नकली मात्रा) घेणाऱ्यांचे ३८ टक्क्यांनी. प्लासिबोचा गट नसता, तर तेच ४१ टक्के आज जाहिरातीत झळकले असते.

वैद्या, सातारा : रेणू सुटा काढूनच त्याची परीक्षा करायची, हा आग्रह मला अपुरा वाटतो. शार्ङ्गधरसंहितेतील जातीफलादी चूर्णात भांग इतर अनेक द्रव्यांसोबत येते, आणि ती शोधन (दोष काढण्याची प्रक्रिया) करूनच वापरावी अशी आमची शिकवण आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील गांज्याच्या व्याख्येत फुलोऱ्याच्या शेंड्यांविना असलेली पाने येत नाहीत, म्हणून ही परंपरा टिकली. संपूर्ण कल्पाची (तयार मिश्र औषधाची) चाचणी कोणी का घेत नाही?

औषधशास्त्राचा विद्यार्थी : अवश्य घ्यावी, मात्र पानांतील घटकांचे प्रमाण वाण, हवामान आणि साठवणीनुसार बदलते. जुन्या मालात टीएचसीचे ऑक्सिडीकरण होऊन सीबीएन हे दुसरे कॅनाबिनॉइड वाढते. प्रत्येक घाण्यातील घटक मोजले नाहीत, तर चाचणी नेमकी कशाची झाली हे सांगता येणार नाही.

निशिगंधा : सीबीडीव्हीचा दाखला मला पटला, म्हणून ‘गुणकारी’ऐवजी ‘आशादायक’ हा शब्द मी स्वीकारते. तरीही सीबीडी २०१८ मध्ये अमेरिकेत ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या बालपणी सुरू होणाऱ्या गंभीर अपस्मारांसाठी मान्य झाले, ते चाचण्या चिकाटीने पुढे नेल्यामुळेच. सीबीजीलाही तीच संधी हवी.

औषधशास्त्राचा विद्यार्थी : सहमत आहे. फक्त हे वाचून कोणी अपस्माराच्या मुलाला बाजारातील सीबीडीचे तेल परस्पर देऊ नये. क्लोबाझाम हे अपस्माराचे औषध चालू असताना सीबीडी दिल्यास क्लोबाझामच्या क्रियाशील घटकाची रक्तातील पातळी चढते आणि मूल गुंगीत जाते; तेल सुरू करण्यापूर्वी मेंदूविकारतज्ज्ञांना चालू औषधांची चिठ्ठी दाखवावीच.