‘त्याचे प्रारब्ध’ म्हटले की आपली जबाबदारी संपते का?

प्रश्न (फोंडा तालुका)

गेल्या वर्षी चतुर्थीच्या आठ दिवस आधी आमच्या कुळागरात (नारळ-पोफळींच्या बागेत) नारळ पाडताना नेहमीचा पाडेली माडावरून पडला. पाऊस त्याच दिवशी सकाळी उघडला होता आणि खोडावरचे शेवाळ अजून ओले होते. ‘दोन दिवस थांबूया’ असे त्याने स्वतःहून सुचवले होते. परंतु माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळांच्या छताला, नारळ हवेत म्हणून ‘एवढा एकच माड कर’ असा आग्रह मी धरला. पायांत अडकवायच्या त्याच्या दोरीचा एक पीळ सुटत आला होता, हेही माझ्या नजरेला पडले होते. त्याच्या मांडीचे हाड मोडले आणि चार महिने तो घरी बसून राहिला. इस्पितळाचा खर्च मी केला.

वाड्यावरच्या सर्वांनी, माझ्या आईनेसुद्धा, ‘त्याच्या प्रारब्धातच होते, तू निमित्त झालास’ असे सांगून माझे सांत्वन केले. दोन वर्षे मी पतंजलींच्या योगसूत्रांच्या वर्गाला जातो, तरी हे कोडे सुटत नाही. पडणे हे त्याच्या पूर्वकर्माचे फळ असेल, तर माझ्याकडे दोष कसा येतो? आणि दोष माझा असेल, तर त्याच्या कर्माचा संबंध काय उरतो? शिवाय ‘मी केले’ ही टोचणी हीसुद्धा अस्मिताच, म्हणजे योगातला ‘मी’पणाच, नव्हे काय, अशीही शंका येते. जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त संस्कृत शिक्षिका, डिचोली)

आधी एक शब्द बाजूला ठेवूया. संचित (साठलेले कर्म), प्रारब्ध (फळ देऊ लागलेले) आणि क्रियमाण (आता घडत असलेले) ही त्रयी आपल्या बोलण्यात इतकी मुरली आहे की ती पतंजलींचीच वाटते. पण ती वेदान्ताच्या परंपरेतून आलेली आहे. योगसूत्रांत शब्द आहे कर्माशय, म्हणजे कर्मांचा साठा, आणि त्याचे मूळ क्लेशांत, म्हणजे अविद्या, अस्मिता अशा चित्ताच्या दोषांत, सांगितले आहे (2.12). ते मूळ असेपर्यंत त्याचा विपाक (फळ) जाती (जन्म), आयुष्य आणि भोग या तीन रूपांनी होतो (2.13). हे तीन शब्द सावकाश वाचावेत. जन्म कुठे मिळाला, आयुष्य किती मिळाले, सुखदुःख काय वाट्याला आले, एवढेच विपाकात धरले आहे. तुम्ही उद्या काय कराल, ते त्यात मोजलेले नाही. वासना (पूर्वकर्मांचे संस्कार) एखाद्या दिशेला ओढतात हे खरे, परंतु ओढ म्हणजे सक्ती असती, तर यमनियम सांगण्याला काही अर्थच राहिला नसता.

तुमच्या प्रसंगाला अगदी लागू पडणारे सूत्र 2.34 आहे. हिंसादी वितर्क (यमनियमांच्या विरुद्ध जाणारे विचार) ‘कृत, कारित, अनुमोदित’ असतात, म्हणजे स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले आणि मान्य केलेले. ते लोभ, क्रोध किंवा मोह यांतून उपजतात आणि मृदू, मध्य किंवा तीव्र असतात. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात याचे 27 भेद मोजून पुढे ते 81 वर नेले आहेत. भाष्यकाराने मोहाचे जे उदाहरण दिले आहे, ते वाचून मी प्रत्येक वेळी थबकते: ‘धर्मो मे भविष्यति’, यातून मला पुण्य लागेल. माटोळी देवाची, म्हणून घाई क्षम्य, असे आपण सगळेच समजतो. माडावर तुम्ही चढला नाहीत, चढवलेत. ‘कारित’ हा शब्द त्यासाठीच आहे.

उत्तर (मडगाव)

वरील उत्तर विद्वत्तेचे आहे, परंतु एका मुद्द्यावर मी सहमत नाही. सूत्र हिंसेच्या विचाराविषयी बोलते आणि इथे इजा करण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. निष्काळजीपणाला हिंसेच्या कोष्टकात बसवले, तर माणसाने पाऊल टाकणेच अवघड होईल.

दुसरे असे की ‘प्रारब्ध’ या शब्दाची एवढी उपेक्षा करू नये. माझ्या पत्नीच्या दीर्घ आजारात, ज्यात कोणाची चूक म्हणून दाखवता येत नव्हती, त्या एका शब्दाने आम्हाला उभे ठेवले. मात्र तो शब्द आम्ही स्वतःच्या दुःखासाठी वापरला. शेजाऱ्याने येऊन तो ऐकवला असता, तर मी त्याला चहा न देता परत पाठवले असते.

गीतेत (18.14) कर्माची पाच कारणे दिली आहेत: अधिष्ठान (आधार), कर्ता, करण (साधने), विविध चेष्टा (क्रिया) आणि पाचवे दैव. आपण आधीच्या चारांना वळसा घालून थेट पाचव्यावर उडी मारतो. लोकमान्य टिळकांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य या विषयाला अख्खे प्रकरण दिले आहे. तुमचे कोडे तिथे विस्ताराने भेटेल.

उत्तर (योगशिक्षक, काणकोण)

हेतूचा मुद्दा मान्य आहे. म्हणूनच मृदू, मध्य, तीव्र अशी प्रतवारी आहे; मृदू म्हणजे शून्य नव्हे.

आता ‘निमित्त’ या शब्दाबद्दल. तुम्ही कुळागरवाले आहात, तेव्हा योगसूत्र 4.3 तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर कळेल. तिथे ‘क्षेत्रिकवत्’, म्हणजे शेतकऱ्यासारखे, अशी उपमा आहे. शेतकरी पाणी हातांनी ढकलत नाही. तो बांध फोडतो आणि पाणी आपल्या उताराने वाहते. निमित्त प्रकृतीला चालवत नाही, अडसर तेवढा दूर करते. उन्हाळ्यात पोफळींना शिंपण करताना पाटाच्या तोंडावरचा चिखल आपण कुदळीने ओढतो, तसेच. पाणी माझे नव्हे आणि उतारही माझा नव्हे, हे कबूल. पण कुदळ कोणाच्या हातात होती? ‘मी केवळ निमित्त’ हे वाक्य सुटकेचे म्हणून उच्चारले जाते, आणि सूत्र तर निमित्ताचे नेमके काम दाखवते. त्याच्या पूर्वकर्माचा हिशेब तुम्हाला दिसत नाही आणि मलाही दिसत नाही. चिखल कोणी ओढला, तेवढे मात्र दिसते.

अस्मितेबद्दल थोडेच सांगतो. द्रष्टा (पाहणारा आत्मा) आणि बुद्धी एकच भासणे म्हणजे अस्मिता. ‘दोरी मी पाहिली होती’ ही आठवण अस्मिता नव्हे, ती स्मृती आहे. मात्र वर्षभर ‘मी किती वाईट’ असे घोळवत बसणे हा उलट्या बाजूचा अहंकार होऊ शकतो, हेही सांगितले पाहिजे. ‘हेयं दुःखमनागतम्’ (2.16), टाळायचे ते न आलेले दुःख.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. ‘कारित’ हा शब्द वाचून दोन दिवस मी इथे काही लिहू शकलो नाही.

काल पाडेल्याच्या घरी गेलो होतो. तो आता काठीशिवाय चालतो, परंतु माडावर चढत नाही. त्याचा मुलगा चढतो. ‘पाऊस होता, तू थांबूया म्हणाला होतास, मी ऐकले नाही’ एवढे मी त्याच्या बायकोच्या देखत म्हटले. तो म्हणाला, ‘नशीब माझे.’ त्याच्या तोंडून तो शब्द मला खटकला नाही, आणि मी मान हलवून त्याला दुजोराही दिला नाही. त्याची बायको मात्र आत गेली आणि तीच दोरी घेऊन बाहेर आली. सुटलेला पीळ तसाच होता. मुलगा आजही तीच वापरतो, असे तिने सांगितले.

आज सकाळी फोंड्याच्या बाजारातून नवी दोरी आणली आहे.