सिनसिनाटीचा जुना नकाशा मिळालाय, साल कसं काढायचं? अन् लॅमिनेशन करू का?

गोदाकाठचा, नांदेड:
नमस्कार मंडळी. थोरला भाऊ अमेरिकेत सिनसिनाटीला ऱ्हातो, दिवाळीला येताना तिथल्या जुन्या बाजारातून त्याच गावाचा रस्त्यांचा नकाशा घेऊन आला, मला नकाशांचा लई नाद हे त्याला ठाऊक. मागून कापड डकवलेलं, अन् दोन घड्या जिथं एकमेकीवर येतात तिथं भोक पडून एका गल्लीचं नावच गेलंय. साल छापलेला कोपरा फाटलेला. खाली ओहायो नदी अन् गावातून निळा कालवा दिसतो. रोज भिंग घेऊन बसायलोय. फ्रेमवाला म्हणतो लॅमिनेशन करा, करू का?

जालनेकर:
दादा, साल रस्त्यांच्या नावात सापडतं. अंबाजोगाईच्या जागी मोमिनाबाद दिसलं की निजामाच्या काळचा नकाशा हे आपण ओळखतो, तसंच. कालव्याच्या वर व्हाइन अन् रेस या दोन रस्त्यांच्या मधली बारीक गल्ली बघा. तिकडं जर्मन लोकांची वस्ती, कालव्याला ते गमतीनं आपल्या जर्मनीतल्या नदीचं नाव देऊन ऱ्हाईन म्हणायचे म्हणून वस्तीचं नावच ओव्हर-द-ऱ्हाईन पडलं. पहिल्या महायुद्धात जर्मनीवर राग उसळला अन् 1918 ला या गल्लीचं जर्मन गावावरून पडलेलं ब्रेमेन स्ट्रीट हे नाव बदलून रिपब्लिक स्ट्रीट करून टाकलं. एल्म स्ट्रीटवर म्युझिक हॉल आहे का तेबी बघा, तो 1878 चा. कालवा आता नाही, त्याच्या जागेवर सेंट्रल पार्कवे रस्ता झाला, 1928 ला.

गोदाकाठचा:
अहो, भोक नेमकं त्याच गल्लीवर पडलंय! पण कडेला ब्रेम एवढी अक्षरं उरलीत. म्युझिक हॉलबी आहे. म्हणजे 1878 ते 1918 च्या मधला!

कागदवाली ताई, संभाजीनगर:
भाऊ, नावांवरून नकाशा कधीचा ते कळतं, हाच कागद तेव्हाचा आहे का ते नाही, तो नंतर परत छापलेला पण असू शकतो. भिंगातून रंग बघा, बारीक रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर अलीकडची छपाई समजा. आणि लॅमिनेशन अजिबात करू नका, ते परत निघत नाही, कागद कायमचा अडकतो. सेलोटेप पण नको, त्याचा गोंद कागदात उतरून तपकिरी डाग पडतो. फाटलेल्या जागी मागून पातळ जपानी कागद गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं लावतात, पुढं कधी काढायचा झाला तर ओल देऊन निघतो. पण हे जाणकाराकडूनच करून घ्या. तोवर घडी घालू नका, अ‍ॅसिड नसलेल्या कागदात सपाट ठेवा, अन् आपल्याकडच्या उन्हाच्या भिंतीवर तर लावूच नका.

गोदाकाठचा:
ताई, ठिपके कुठंच नाहीत, रंग सलग आहे. फ्रेमवाल्याला नाही म्हणून सांगितलं. भाऊ रविवारी त्या गल्लीत जाऊन रिपब्लिक स्ट्रीटच्या पाटीचा फोटो पाठवणार आहे, आला की इथं टाकतो.